संत्री, मोसंबी, लिंबू: तोडणीनंतरचे प्रश्न

आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) संत्री इंदूरच्या चोइथराम मंडीत उतरू लागली की या सदराची डाक बदलते. कांदा-बटाटा मागे पडतो आणि ‘संत्री सडली’, ‘मोसंबी सुकली’, ‘लिंबं काळी पडली’ अशी पत्रं येऊ लागतात. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. बागायतदार, आढतिये, ज्यूस सेंटरवाले आणि घरची मंडळी असे सगळेच यात आहेत, तेव्हा ज्याने त्याने आपल्या कामाचं वेचून घ्यावं.

प्रश्न : आमची आगर-माळव्याकडची संत्री इंदूरच्या मंडीत उतरतात तेव्हा टवटवीत असतात. तिथून पुढे दिल्लीला जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कॅरेटमध्ये हिरवट भुकटी धरलेली फळं निघतात. आढतिया पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, पैसे कापतो. कोणतं औषध मारावं?

उत्तर : ही पेनिसिलियम डिजिटॅटम नावाची हिरवी बुरशी. तिचे बीजाणू बागेत, कॅरेटवर, गोदामाच्या हवेत, सगळीकडे असतात. पण अखंड सालीतून आत शिरणं या बुरशीला जमत नाही. तिला जखम लागते, मग ती नखाची असो, काडीची असो की शेजारच्या फळाच्या देठाची. जखम झाली की २५ अंशांच्या आसपास तीन ते पाच दिवसांत आधी मऊ पाणचट डाग दिसतो, मग पांढरी कड आणि मध्ये हिरवी भुकटी. म्हणजे दिल्लीत दिसलेली सड तुमच्या बागेत तोडणीच्या दिवशीच लागलेली असते. औषधाआधी तोडणी बघा.

फळ ओढून तोडू नका. ओढलं की देठाजवळ सालीचा टवका उडतो आणि फळाला उघडं तोंड पडतं. सिकेटरने (बागेच्या कात्रीने) तोडताना दोन काप द्यावेत. पहिला काप फांदीपासून थोडं अंतर ठेवून, दुसरा फळालगत, देठाची चकती फळावर राहील पण काडी वर येणार नाही असा. दुसरा काप वाचवला की ती तिरपी काडी वाहतुकीत शेजारच्या फळात घुसते. तोडलेल्या फळावरून तळहात फिरवून बघा. काही टोचलं तर मजुरांनी एकच काप दिलाय. मजुरांची नखं कापलेली असावीत, हातमोजे असतील तर उत्तम.

पहाटे दवात तोडणी करू नका. पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर लगेचही नको. त्या वेळी साल पाण्याने तट्ट फुगलेली असते आणि बोटाच्या साध्या दाबानेही तिच्यातल्या तेलग्रंथी फुटतात. बाहेर आलेलं तेल आजूबाजूच्या सालीलाच जाळतं. दोन-तीन दिवसांनी तिथे खोलगट तपकिरी चट्टा दिसतो आणि ग्रंथी मात्र दाण्यादाण्यांसारख्या वर उठून दिसतात. बरेच जण याला रोग समजतात. हा रोग नव्हे, घाईची तोडणी आहे. दव सुकून साल जरा नरम पडली, म्हणजे साधारण नऊ-दहानंतर, काम सुरू करावं आणि तोडलेलं फळ लगेच सावलीत न्यावं.

फळ जमिनीवर ढीग करून ओतण्याची पद्धत आपल्याकडे फार. हिरव्या बुरशीला यापेक्षा सोयीचं काही नाही, कारण मातीत बीजाणू, खड्यांनी झालेल्या जखमा आणि वरच्या फळांचा भार एकाच जागी मिळतात. तोडणीच्या पिशवीतून थेट प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये जाऊ द्या. कॅरेट काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा, म्हणजे वरच्या कॅरेटचं वजन फळावर न येता कॅरेटच्या कडेवर येतं. तळाशी गवत-पेंढा घालायचा असेल तर तो कोरडा आणि नवा हवा. गेल्या खेपेचा पेंढा म्हणजे बीजाणूंची गादी. त्यापेक्षा कागद बरा.

आता धुण्याविषयी. क्लोरीनच्या पाण्याने बीजाणू मरतात, पण फक्त पाण्यातले आणि सालीवरचे. जखमेत उतरलेले मरत नाहीत. मात्रा १०० ते २०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० ते २०० भाग). ३० टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लीचिंग पावडर १०० लिटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम टाकली की १०० पीपीएम होतं. ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर २५० मिलिलिटर. उघडी पडलेली जुनी पावडर मोजून टाकण्यात अर्थ नाही, तिच्यातलं क्लोरीन कधीच उडालेलं असतं. पाण्याचा पीएच साडेसहा ते साडेसातमध्ये ठेवा. तो आठच्या वर गेला की क्लोरीन असूनही काम मंदावतं. शिवाय माती आणि फुटक्या फळांचा रस क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून सडकं फळ टाकीत जाताच कामा नये आणि पाणी गढूळलं की बदलायचं. दिवसभर एकाच टाकीत फळं बुडवत राहिलात तर दुपारनंतर तुम्ही फळं धुत नसता, त्यांना बुरशी लावत असता.

धुतल्यावर ३ टक्के खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात (१०० लिटरला ३ किलो) दोन-तीन मिनिटं बुडवून वरून हलकं साधं पाणी मारलं तर हिरव्या बुरशीवर चांगला आवर बसतो. सोडा सालीवर तसाच सुकू दिला तर फळाचं वजन लवकर उतरतं, म्हणून तो शेवटचा पाण्याचा फवारा. त्यानंतर पंख्याखाली पूर्ण कोरडं करूनच भरायचं.

सडलेलं फळ निवडताना एक सवय लावून घ्या. ते उचलून लांब फेकू नका. त्याच्यावर पिशवी पालथी घालून आतल्या आत उचला आणि गाठ मारा. फेकल्यावर जी हिरवी धूळ उडते, ती उरलेल्या मालावरच बसते.

प्रश्न : मोसंबी दीड महिना बटाट्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवली. मॅनेजर म्हणाला, ३ अंश आहे, जितकं थंड तितकं फळ टिकतं. बाहेर काढली तेव्हा माल सुंदर होता, म्हणून पूर्ण भावाने सौदा केला. तिसऱ्या दिवशी सालीवर तपकिरी खड्डे! व्यापाऱ्याला वाटतंय आम्ही फसवलं. (इंदूरजवळचे दोन बागायतदार)

उत्तर : मॅनेजरचं गणित बटाट्याच्या बियाण्यापुरतं बरोबर आहे. लिंबूवर्गीय फळाला ते लागू नाही. ही उष्ण प्रदेशातली फळं, त्यांच्या सालीतल्या पेशी एका मर्यादेखालच्या थंडीत गोठणबिंदूच्या बऱ्याच वर असतानाच बिघडतात. गंमत अशी की बिघाड थंडीत लपून राहतो. फळ उबेत आलं की दोन ते चार दिवसांत खड्डे, तपकिरी डाग, कधी पाणचट गाभा दिसू लागतो आणि त्या कमजोर सालीवर मागोमाग बुरशी चढते. व्यापाऱ्याला दिसलं ते हेच. तुम्ही फसवलं नाही, पण माल बिघडलेलाच विकलात.

ज्याचं त्याचं तापमान वेगळं आहे. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश, त्यात साधारण सहा आठवडे. मोसंबीला ६ ते ८ अंश, माल निरोगी असेल तर दोन महिने आरामात. कागदी लिंबू या दोघांहून नाजूक, त्याला ९-१० अंशांखाली नेऊच नये, तिथे ते सहा ते आठ आठवडे राहतं. पपनस आणि ग्रेपफ्रूटला तर १२-१४ अंश लागतात. तेव्हा ‘सगळं लिंबूवर्गीय एकाच खोलीत’ ही योजना कागदावरच ठीक. संत्री-मोसंबी ७ अंशांवर एकत्र राहू शकतात, लिंबाला दुसरी खोली बघा.

बटाट्याच्या कोल्डची आणखी एक अडचण. खाण्याच्या किंवा चिप्सच्या बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी सीआयपीसी या कोंबरोधक रसायनाचा धूर सोडतात. ते रसायन भिंतींत, लाकडी मांडण्यांत मुरून राहतं आणि नंतर ठेवलेल्या फळांवरही उतरतं. खोली भाड्याने घेताना हे तोंडावर विचारा. वासाचं तर विचारूच नका, मोसंबीच्या सालीतलं तेल बटाट्याचा कुबट वास चटकन धरतं. सफरचंदांबरोबरही ठेवू नये. सफरचंद इथिलीन सोडतं, त्याने देठाची चकती सुकून गळते आणि तिथून देठाकडची सड सुरू होते. सडकं संत्रंही तेच करतं, हिरवी बुरशी स्वतः इथिलीन बनवते. म्हणून साठवणीत दर दहा-बारा दिवसांनी निवडणी चुकवायची नाही.

एवढ्या थंडीत हिरवी बुरशी मंदावते हे खरं, पण तिची निळी बहीण, पेनिसिलियम इटॅलिकम, थंडीत बऱ्यापैकी वाढते. शिवाय ती जखमेची वाट न बघता लगतच्या फळात सरकते. कॅरेटच्या एकाच कोपऱ्यात पाच-सात फळं निळसर झालेली दिसली तर ती निळी बुरशी समजा. तो कोपरा काढून भागत नाही, पूर्ण कॅरेट उपसून बघावा लागतो.

प्रश्न : राऊला स्वतःची ५ टनांची छोटी खोली बांधायची आहे. ‘दोन टनांचं मशीन पुरे’ असं एकजण सांगतो, दुसरा चार टनांचं सुचवतो. कोणाचं ऐकावं?

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात. तुम्ही माल एका दिवशी भरणार की चार दिवसांत, यावर ते ठरतं. आकडे मांडूनच बघू.

संत्र्याचा एक किलो एक अंशाने थंड करायला साधारण ३.८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. माल ३० अंशांवर आला आणि ६ वर न्यायचा, म्हणजे २४ अंशांचा फरक. ५००० किलोला ५००० × ३.८ × २४ = ४,५६,००० किलोज्यूल. कॉम्प्रेसर दिवसाला १६ तास चालेल असं धरा, म्हणजे डीफ्रॉस्ट आणि वीज जाण्याला वाव राहतो. तर तासाला २८,५०० किलोज्यूल. मशीनचा टन वजनाचा नव्हे, थंड करण्याच्या ताकदीचा; रेफ्रिजरेशनचा असा एक टन तासाला सुमारे १२,६६० किलोज्यूल ओढतो. म्हणजे नुसत्या फळाला सव्वादोन टन. भिंती, दार, पंखे, दिवे यांचे आणखी अर्धा ते पाऊण टन. एका दिवशी पूर्ण खोली भरायची तर तीन टनांच्या खाली जमणार नाही. पण रोज दीड टनच माल आत घेतलात तर फळाची गरज पाऊण टनाहून कमी होते आणि दोन टनांचं मशीन आरामात पुरतं. फळ एकदा थंड झालं की त्याच्या श्वसनाची उष्णता अगदी किरकोळ, तिचा विचार करू नका.

आमचं मत असं की मशीन मोठं घेण्यापेक्षा भरणी टप्प्याने करा आणि वाचलेले पैसे कॉइलमध्ये घाला. इथेच बहुतेकांची गफलत होते. ठेकेदार इव्हॅपोरेटर कॉइल, म्हणजे खोलीतली हवा थंड करणारं नळ्यांचं वेटोळं, छोटं देतो. छोटं कॉइल तेवढंच काम करायला जास्त थंड व्हावं लागतं. खोली ६ अंशांवर आणि कॉइल उणे ३ वर असं चाललं की हवेतलं पाणी कॉइलवर बर्फ होऊन बसतं आणि ते पाणी शेवटी फळातूनच येतं. खोलीची हवा आणि कॉइल यांत ४-५ अंशांहून जास्त फरक राहणार नाही एवढं मोठं कॉइल लिहून घ्या. खर्च वाढतो, पण तो वजनात परत मिळतो.

किती मिळतो? ६ अंशांवर आर्द्रता ९२ टक्क्यांऐवजी ८० राहिली तर फळातून पाणी उडण्याचा वेग सुमारे अडीचपट होतो. संत्र्याचं वजन ५-६ टक्के घटलं की साल सुरकुतलेली उघड दिसते आणि भाव पडतो. ५ टनांत ५ टक्के म्हणजे अडीच क्विंटल माल हवेत गेला. आर्द्रतेचे स्वस्त डिजिटल मीटर ९० टक्क्यांच्या वर भरवशाचे नसतात. त्यापेक्षा दोन सारखे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला ओली मलमलची वात बांधा आणि दोन्ही पंख्याच्या झोतात धरा. ६ अंशांच्या खोलीत दोघांत ०.७ अंशाचा फरक आला तर आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास आहे. दीड अंश आला तर ती ८० वर उतरली आहे, लगेच जमिनीवर पाणी मारा किंवा ह्युमिडिफायर लावा. थेट फळावर पाणी मारू नका.

खोली ४ × ४ मीटर आणि उंची अडीच मीटर पुरेल. २० किलोचे २५० कॅरेट, सहावर सहा रचले की साधारण ४२ थप्प्या होतात आणि त्या जमिनीचा दोन-तृतीयांशाहून थोडा कमी भाग घेतात. उरलेली जागा वाया जात नाही, ती हवेची वाट आहे. थप्पी भिंतीपासून १५-२० सेंटिमीटर दूर, खाली १० सेंटिमीटरचं पॅलेट आणि छताखाली निदान अर्धा मीटर मोकळा. थप्प्यांमधल्या फटी कॉइलच्या झोताच्या दिशेने ठेवा, आडव्या ठेवल्या तर झोत पहिल्याच रांगेवर आपटून माघारी फिरतो. पफ पॅनेल (भिंतीचं फोम भरलेलं उष्णतारोधक पॅनेल) ८० मिलिमीटरचं घ्या. माळव्यात मे महिन्यात बाहेर ४० च्या वर पारा जातो, ६० मिलिमीटरवर केलेली बचत वीजबिलात निघून जाते. दाराला पट्ट्यांचा पडदा हवाच.

आणखी एक, खोलीच्या डिस्प्लेवर ६ दिसतं म्हणजे फळ ६ वर आलं असं नाही. सुईचा थर्मामीटर थप्पीच्या मधल्या कॅरेटमधल्या फळाच्या गाभ्यात खुपसून बघा. ३० अंशांचं फळ ५ अंशांच्या हवेत ठेवलं तर जितक्या वेळात ते साडेसतरावर येतं, तितकाच वेळ साडेसतराहून सव्वाअकरावर यायला लागतो आणि पुन्हा तितकाच ८ वर यायला. नुसत्या खोलीत हा एकेक टप्पा अर्ध्या दिवसाचा होऊ शकतो. तो तास-दीड तासावर आणायचा असेल तर कॅरेटच्या दोन रांगा समोरासमोर लावून मधली गल्ली वरून ताडपत्रीने झाका आणि एका टोकाला पंखा लावून त्या गल्लीतली हवा बाहेर ओढा. मग थंड हवेला कॅरेटच्या भोकांतून, फळांच्या मधूनच यावं लागतं. ताडपत्री कुठेही उसवलेली नको, हवा नेहमी सोपी वाट शोधते.

प्रश्न : ऑक्टोबरात संत्री आतून गोड असतात पण बाहेरून हिरवीगार. मंडीत कोणी ‘पुडी’ ठेवायला सांगतं. चालेल का?

उत्तर : पुडीत कॅल्शियम कार्बाइड असेल तर नाही. फळं पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात. इथेफॉनच्या पाण्यात फळं बुडवणंही मान्य नाही. इथिलीन वायू मात्र १०० पीपीएमपर्यंत चालतो आणि संत्र्याला तर त्याच्या दहाव्या हिश्शाचीच गरज असते.

संत्रं झाडावरून उतरल्यावर पिकत नाही. आंबा-केळ्यासारखा पिठाचा साठा त्यात नसतो, म्हणून तोडलेल्या दिवशी जेवढी गोडी, तेवढीच. इथिलीन फक्त सालीतला हिरवा रंग घालवतं. आधी रिफ्रॅक्टोमीटरवर रस बघा. टीएसएस (रसात विरघळलेल्या साखर वगैरेचं प्रमाण) १० च्या खाली असेल तर पिवळ्या रंगाचं आंबट फळ विकून गिऱ्हाईक तोडण्याखेरीज काही साधत नाही.

पद्धत अशी : हवाबंद खोली, तापमान २७ ते २९ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, इथिलीन ५ ते १० पीपीएम, ४८ तास, फार तर ७२. चाळीस घनमीटरच्या खोलीत १० पीपीएम म्हणजे जेमतेम ४०० मिलिलिटर वायू, त्यामुळे सिलिंडर ‘अंदाजाने’ उघडण्याचा प्रश्नच नाही, मोजून सोडणारं यंत्र हवं. हवा तासाला एकदा तरी बदलली पाहिजे, कारण कोंडलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनचं काम अडवतो. रंग येत नाही म्हणून वायू वाढवत जाणारे बहुधा खिडकी उघडायला विसरलेले असतात. तीन दिवसांहून जास्त ठेवलं तर देठाची चकती वाळते आणि देठाकडची सड वाढते. कच्चा माल साठवणीत न्यायचा असेल तर हे करूच नका, हा लगेच विकायच्या मालाचा उपाय आहे.

डिसेंबरात हा प्रश्न आपोआप मिटतो. रात्री थंड व्हायला लागल्या की साल झाडावरच रंग धरते.

प्रश्न : चकचकीत संत्र्यांवर मेण असतं म्हणे. मुलांना द्यावी का?

उत्तर : द्यावी. मधमाशीचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक मेण यांना परवानगी आहे, मात्र तसं लेबलवर लिहायला हवं. धुताना फळाचं नैसर्गिक मेण जातं, त्याची ही भरपाई. साल आपण टाकूनच देतो. सालीचा किस किंवा मुरंबा करायचा असेल तेवढं कोमट पाण्यात घासून धुवा.

मेण लावणाऱ्यांना मात्र सांगायचंय. थर जाड झाला की फळाला श्वास घेता येत नाही, आत अल्कोहोल तयार होतं आणि संत्र्याला शिळा, आंबूस वास येतो. मोसंबीपेक्षा संत्र्यात हे फार लवकर होतं. चमक जरा कमी असली तरी चालेल, थर पातळच ठेवा आणि मेण लावलेलं संत्रं गरम जागी पडू देऊ नका.

प्रश्न : आमचं ज्यूस सेंटर आहे. सकाळी काढलेला मोसंबीचा रस फ्रिजमध्ये ठेवतो, दुपारी कडू लागतो. फळ तर गोड असतं!

उत्तर : फळ गोडच आहे, कडूपणा रस काढल्यावर तयार होतो. मोसंबी-संत्र्याच्या पडद्यांत आणि बियांत एक बिनकडू पदार्थ असतो. पेशी फुटून तो रसातल्या आम्लात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं आणि लिमोनिन लिटरला ६ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की जिभेला कळतं. फ्रिजमध्ये हे मंदावतं, थांबत नाही. रस गरम केला तर काही मिनिटांत कडू होतो. ग्रेपफ्रूट आणि पपनसाचा कडवटपणा निराळा. तो नारिंजिनचा, पहिल्या घोटालाच लागतो.

उपाय तीनच. मिक्सर बंद करा, पात्याने बी आणि पडदे चिरडले की कडूपणाचं सगळं सामान रसात उतरतं. दाबून रस काढा आणि काढल्याबरोबर गाळा, चोथा रसात पडून राहू देऊ नका. आणि हंगामाच्या सुरुवातीची अर्धकच्ची मोसंबी रसाला घेऊ नका, फळ जसं पक्व होतं तसा हा पदार्थ कमी होतो. साखर वाढवून कडूपणा झाकण्याचा प्रयत्न गिऱ्हाईक ओळखतं. रस साठवण्यापेक्षा सोललेली मोसंबी थंड ठेवा आणि गिऱ्हाईक आल्यावर दाबा. मोठे कारखाने रेझिनच्या (राळेसारख्या पदार्थाच्या) दाण्यांमधून रस गाळून लिमोनिन काढतात, तो खर्च दुकानाला परवडायचा नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात लिंबू महाग होतं म्हणून मार्चमध्येच शेकडा घेऊन ठेवते. फ्रिजमध्ये तीन आठवड्यांत काही सुकतात, काहींवर काळे ठिपके येतात. (लोकमान्य नगर)

उत्तर : रोज पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या घरात शेकडाही कमीच. सुकणं आणि ठिपके ही दोन वेगळी दुखणी आहेत. फ्रिजचा मुख्य कप्पा ४ अंशांच्या आसपास असतो, लिंबाला ती थंडी जास्त, ठिपके त्याचेच. भाजीच्या खालच्या कप्प्यात किंवा दाराच्या खणात ठेवा, तिथे जरा ऊब असते. सुकण्यावर इलाज पिशवीचा. लिंबं धुवा, पूर्ण कोरडी करा आणि दहा-दहाच्या पिशव्यांत तोंड बंद करून ठेवा. एकच मोठी पिशवी केली तर एका सडक्या लिंबाने शंभर जातात. ओलं लिंबू पिशवीत घालू नका. देठाची चकती निघालेली लिंबं आधी वापरा.

महिन्यापलीकडे जाणार असेल तर रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. लिंबाचा रस मोसंबीइतका बिघडत नाही.

फ्रिजशिवाय ठेवायची असतील तर विटांची ओली पेटी करता येते. दोन भिंतींत साडेसात सेंटिमीटरची फट, तिच्यात वाळू, वाळू दिवसातून दोनदा भिजवायची आणि वर ओलं गोणपाट. इंदूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरतं. पावसाळ्यात मात्र ती पेटी नुसती ओली राहते, थंड होत नाही.

प्रश्न : कोल्डमधून काढलेल्या मोसंबीला घाम फुटतो आणि खोके ओले होतात. उन्हाळ्यात असं होत नाही, पावसाळ्यातच का?

उत्तर : निरीक्षण अचूक आहे. एप्रिलमध्ये इंदूरला पारा ३५ असला तरी आर्द्रता १५ टक्क्यांवर येते, तेव्हा हवेतलं पाणी ५ अंशांखाली गेल्याशिवाय दव होत नाही. तुमचं फळ ६-७ वर, म्हणून कोरडं. जुलैमध्ये २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा २३ अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर पाणी धरतं.

पावसाळ्यात फळ बाहेर काढल्यावर लगेच खोक्यात भरू नका. कॅरेटमध्येच, ताडपत्रीने न झाकता, मोठ्या पंख्यासमोर ठेवा. फळ हवेइतकं उबदार होऊन पूर्ण सुकलं की मगच पॅकिंग. पुठ्ठ्याचा खोका एकदा ओला झाला की त्याची ताकद जाते, तळचे खोके दबतात आणि दीड महिना सांभाळलेल्या फळाला शेवटच्या प्रवासात जखमा होतात. रेफर (थंड ठेवणाऱ्या) गाडीत थंड मालच चढवायचा असेल तर पॅकिंग कोल्डच्या आतच करा आणि गाडी आधी थंड करून दाराला चिकटवून लावा.